पिशव्यांची चंची : कशासाठी व कशी शिवावी



आधी एक कोडे घालतो. घरात दहा, बाजारात एक नाही. ओळखा पाहू ती कोण?

नाही सुचत? अहो, ती आपली कापडी पिशवी! लग्नात मिळालेली, दुकानाचं नाव छापलेली, आजीने जुन्या लुगड्याची शिवलेली, अशा आठ-दहा पिशव्या कुणाच्याही घरात निघतात. एक गादीखाली, दोन फळीवर, एक दारामागे, आणि एका मोठ्या पिशवीच्या पोटात चार-पाच कोंबलेल्या. पण बाबा मालगुंडला निघाले, एस.टी.ची वेळ झाली, की त्यातली एकही हाताला लागत नाही. मग ते तसेच जातात आणि दुकानात म्हणतात, "बाबा रे, एखादी पिशवी दे." अशी अकरावी पिशवी घरात येते.

यात बाबांची चूक म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. घरात छत्रीला खुंटी असते, चपलांना कोपरा असतो, तांब्याला जागा असते. अंधारातही हात बरोबर तिथे जातो. पिशवीला मात्र जागा नसते. ज्या वस्तूला जागा नाही ती वेळेला सापडत नाही, एवढीच साधी गोष्ट आहे. म्हणून या लेखात पिशव्यांना घर कसे शिवायचे ते सांगितले आहे. कापड जुने, शिवण हाताची, मशीन नसले तरी चालेल.

चंची म्हणजे काय?

तुमच्यापैकी काहींनी चंची पाहिली असेल. जुनी माणसे पान-सुपारी ठेवायला कापडाची लांबट पिशवी बाळगत. तिला तीन-चार खण असत. एका खणात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. गुंडाळायची आणि नाडीने बांधायची. गप्पांच्या भरात, न बघताही आजोबांची बोटे बरोबर सुपारीच्या खणात जात. का? कारण प्रत्येक जिनसाचा खण ठरलेला.

आपण शिवणार आहोत ती अशीच चंची, पण मोठी आणि भिंतीला टांगायची. तिला तीन खिसे. प्रत्येक खिशात ठरलेल्या कामाच्या पिशव्या.

पिशवी किती वेळा वापरावी?

आता थोडे गणित करू. कापडी पिशवी चांगली, प्लास्टिकची वाईट, हे आपण सगळेच म्हणतो. पण कापडी पिशवी घरात नुसती पडून राहिली तर ती चांगली का?

इंग्लंडमधल्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ साली याचा हिशेब प्रसिद्ध केला. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदा वापरून टाकली, तर ती बनवण्यापासून टाकण्यापर्यंत हवा तापवणारे काही वायू बाहेर पडतात. नवी सुती पिशवी बनवताना त्याहून पुष्कळ जास्त पडतात. कारण कापूस पिकवायचा, खत-पाणी द्यायचे, सरकी काढायची, सूत कातायचे, कापड विणायचे, रंगवायचे आणि गाडीने आणायचे. नुसत्या पाण्याचेच बघा. जगाची सरासरी काढली तर १ किलो सुती कापडामागे, पावसाचे पाणी धरून, सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. त्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे नवी सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली, तरच ती या बाबतीत प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. त्यापुढे फायदा.

चला, भागाकार करू.

आठवड्यातून दोनदा वापरली तर : १३१ ÷ २ = साडेपासष्ट आठवडे. म्हणजे सव्वा वर्ष.

आठवड्यातून एकदा वापरली तर : १३१ आठवडे. म्हणजे अडीच वर्षे.

महिन्यातून एकदा वापरली तर : १३१ महिने. म्हणजे जवळजवळ ११ वर्षे!

आणि गादीखालीच राहिली तर? कधीच नाही.

पाहिलंत ना? पिशवी असून भागत नाही, ती बाजाराला गेली पाहिजे. दहा पिशव्या पडून राहण्यापेक्षा तीन पिशव्या रोज फिरलेल्या बऱ्या. आणि नवी पिशवी विकत आणण्यापेक्षा जुन्या साडीची, चादरीची शिवलेली बरी. कारण त्या कापडासाठी लागलेले पाणी आणि कष्ट पूर्वीच खर्च झाले, साडी नेसूनही झाली. आता मिळेल तो सगळा नफाच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १३१ हा आकडा फक्त हवा तापवणाऱ्या वायूंचा आहे. टाकून दिलेली पिशवी पुढे काय करते, ते या आकड्यात नाही. ते आता पाहू.

टाकलेली पिशवी जाते कुठे?

आपल्याकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. डोंगरावरचे पाणी पऱ्ह्यातून वहाळात आणि वहाळातून समुद्रात जाते. रस्त्याकडेला टाकलेली पिशवीही त्याच वाटेने जाते. वाटेत मोरीच्या तोंडाशी अडकली तर पाणी तुंबते आणि रस्त्यावर येते. न अडकता पुढे गेली तर समुद्र आहेच.

तुंबलेले पाणी ही लहान गोष्ट नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. पाऊस अफाट होता हे खरेच, पण गटारे आणि नाले प्लास्टिकच्या पिशव्यांनी चोंदलेले होते, हेही तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ साली मोठे पूर आले. तिथेही पिशव्यांनी गटारे तुंबली होती. म्हणून त्या देशाने २००२ साली पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. अशी देशभर बंदी घालणारा जगातला तो पहिला देश.

आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात ती कडकपणे लागू झाली. दंडही ठरला : पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगवासही. पुढे १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशात प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. कायदा झाला, चांगले झाले. पण माणूस रिकाम्या हाताने बाजारात गेला तर कायदा काही त्याच्या हातात पिशवी आणून देत नाही. ती घरूनच न्यावी लागते.

समुद्रात गेलेल्या पिशवीचे काय होते? पाण्यात तरंगणारी पांढरी पिशवी लांबून जेलीफिशसारखी दिसते. जेलीफिश हे समुद्रातल्या कासवांचे एक खाद्य. कासव फसते आणि पिशवी गिळते. पिशवी पोटात पचत नाही, आतडे अडते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात रात्रीची येऊन वाळूत अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ही अंडी जपायला सुरुवात केली. लोक तिथे आता मुद्दाम पिल्ले समुद्रात जाताना बघायला येतात. एकीकडे अंडी जपायची आणि दुसरीकडे आईच्या वाटेत पिशव्या सोडायच्या, हे काही बरोबर नव्हे.

गुरांचेही तसेच. शिळ्या भाजीच्या वासाने गाय पिशवीसकट खाते. गाईला ती सोडवता येत नाही, कारण तिला हात नाहीत. आपल्याला आहेत.

कापडासारखे दिसते ते सारे कापड नव्हे

दुकानात रंगीत, मऊ, कापडासारख्या पिशव्या मिळतात. आपल्याला वाटते, ही तर कापडी! पण त्यातल्या बऱ्याच पिशव्या विणलेल्या नसतात. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे तंतू दाबून, चिकटवून त्या बनवतात. म्हणजे ते प्लास्टिकच.

ओळखायची खूण सोपी आहे. पिशवी उजेडासमोर धरा. खऱ्या कापडात उभे आणि आडवे धागे चटईसारखे एकमेकांत गेलेले दिसतात. कापलेल्या कडेचा एक धागा ओढला तर तो सरळ निघतो. प्लास्टिकच्या पिशवीत धागे दिसत नाहीत. तिच्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते आणि ओढले तर कापूस पिंजल्यासारखे पुंजके निघतात. (जाळून बघू नका. धूर वाईट असतो आणि हात भाजतो.)

अशी पिशवी घरात असेल तर फेकू नका. आहे तोवर वापरा. आपल्या चंचीत तिलाही जागा आहे. फक्त नवी घेताना फसू नका.

साहित्य

१. जुनी सुती चादर किंवा मांजरपाट. साडी असेल तर ती पातळ म्हणून दुहेरी घ्यावी.
२. सुई आणि जाड सुती दोरा. चित्रासाठी दोन-तीन रंगांचे दोरे.
३. कात्री, मोजपट्टी, खडू, थोड्या टाचण्या.
४. ४६ सेंटिमीटर लांबीची बांबूची बारीक काठी, तासून गुळगुळीत केलेली.
५. टांगायला हातभर सुंभ किंवा सुतळी.

सगळे घरातच मिळते. विकत आणायचेच झाले तर फार तर दोऱ्याचे रीळ.

मापे (कापण्याची)

पाठ : १ तुकडा, रुंदी ४४ सेंमी, लांबी ८२ सेंमी.
खिसे : ३ तुकडे, प्रत्येकी रुंदी ४८ सेंमी, उंची २४ सेंमी.

तुम्ही विचाराल, पाठ ४४ आणि खिसा ४८, असे कसे? खिसा पाठीपेक्षा मोठा कशाला? कारण खिसा पाठीएवढाच सपाट शिवला तर त्यात काही मावणार नाही. आपल्या शर्टाचा खिसा वहीने कसा ताणला जातो, तसे होईल. खिशाला पोट पाहिजे. ते पोट आपण खाली दोन चुण्या घालून करणार आहोत.

कृती

१. कापड स्वच्छ धुवा, वाळवा, इस्त्री करा. इस्त्री नसेल तर घडी करून रात्री गादीखाली ठेवा. चादरीचा मधला भाग झोपून झोपून विरलेला असतो. उजेडात धरून बघा आणि कडेकडेचा घट्ट भाग निवडा.

२. खडूने मापे आखा. रेघ सरळ येत नसेल तर कडेचा एक धागा हळूच ओढून काढा. धागा निघाला की कापडात सरळ फट दिसते, त्या फटीवरून कापा. मोठी कात्री लहान मुलांनी चालवू नये. कापायला आईला किंवा ताईला बोलवा.

३. आता पाठीचा तुकडा घ्या. दोन्ही उभ्या कडा आधी १ सेंमी आणि मग पुन्हा १ सेंमी आत दुमडून धावदोऱ्याने शिवा. खालची कडही तशीच शिवा. आता रुंदी ४० सेंमी झाली.

४. पाठीची वरची कड आधी १ सेंमी दुमडा, मग ४ सेंमी दुमडा आणि खालच्या बाजूने शिवा. हा झाला नेफा. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जाते, तशी यातून काठी जाणार आहे. म्हणून नेफ्याची दोन्ही तोंडे उघडी ठेवा. आता लांबी मोजा. ७५ सेंमी भरली पाहिजे.

५. खिशाच्या तिन्ही तुकड्यांच्या वरच्या कडा आधी १ सेंमी आणि मग २ सेंमी दुमडून शिवा. खिशाच्या तोंडावर रोज हात घासणार, म्हणून इथली पट्टी जरा रुंद ठेवली आहे.

६. पुढचे काम चित्राचे. ते आत्ताच करावे, खिसा पाठीला जोडल्यावर सुई फिरवणे अवघड जाते. पहिल्या खिशावर वांगे, दुसऱ्यावर तराजू, तिसऱ्यावर मासा काढा. खडूने बाह्यरेषा काढून साखळी टाक्याने भरा. अक्षरे का नाही? कारण घरात बालवाडीतले भावंडही असते आणि चष्मा विसरलेली आजीही असते. चित्र दोघांना कळते.

७. खिशाच्या दोन्ही बाजू आणि खालची कड १-१ सेंमी आत दुमडा आणि लांब लांब कच्चे टाके घाला. आता खिसा ४६ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच झाला.

८. चुण्या घालू. खिशाच्या खालच्या कडेवर डावीकडून १३ सेंमीवर आणि १७ सेंमीवर खडूने खुणा करा. १७ ची खूण उचलून १३ च्या खुणेवर ठेवा. मध्ये कापडाची घडी तयार होईल, ती टाचणीने पक्की करा. उजवीकडूनही असेच करा. एका चुणीत ४ सेंमी कापड गेले, दोन चुण्यांत ८ सेंमी. ४६ वजा ८ म्हणजे ३८. खिसा खाली ३८ सेंमीचा झाला, वर मात्र सैल राहिला. हेच त्याचे पोट.

९. पाठ जमिनीवर पसरा. खालच्या कडेपासून २ सेंमी, २५ सेंमी आणि ४८ सेंमी अंतरावर तीन आडव्या रेघा ओढा. प्रत्येक रेघेवर एका खिशाची खालची कड ठेवा. दोन्ही बाजूंना पाठीचा १-१ सेंमी भाग मोकळा राहील. माशाचा खिसा सगळ्यात खाली, तराजूचा मध्ये, वांग्याचा वर.

१०. टाचण्या लावून दोन्ही बाजू आणि खालची कड बखिया टाक्याने शिवा. इथे धावदोरा नको. धावदोऱ्याचा एक टाका तुटला की सगळी शिवण सरकते. बखियात प्रत्येक टाका मागे जाऊन पुन्हा पुढे येतो, म्हणून तो वजन धरतो. खिशाच्या तोंडाशी दोन्ही कोपऱ्यांवर तीन-चार टाके एकावर एक घाला. खिसा फाटायला लागतो तो तिथूनच.

११. खालच्या शिवणीत, दोन चुण्यांच्या मधोमध, ३ सेंमी जागा न शिवता सोडा. ती कशाला? आपल्या गावात पिशवीबरोबर वाळू येतेच. ती खिशाच्या तळाशी साठते आणि ओल धरते. या फटीतून ती आपोआप खाली पडेल.

१२. कच्चे टाके उसवून टाका. नेफ्यातून काठी घाला. दोन्ही टोकांना सुंभ बांधा. चंची तयार!

दोऱ्याबद्दल एक सूचना. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, एवढाच घ्यावा. "लांब दोरा आळशाचा," असे आजी म्हणते. लांब दोरा गुंततो आणि गाठी सोडवण्यातच वेळ जातो. आणि शिवायला बसताना सुया, टाचण्या मोजून घ्या, उठताना मोजून ठेवा. एकही कमी भरली तर सापडेपर्यंत जागा सोडायची नाही. घरात रांगते मूल असेल तर जास्तच जपावे.

रोज तासभर बसलात तर आठवड्यात चंची सहज पूर्ण होते. शिवण फक्त मुलींनी करायची असे मुळीच नाही. शिंपीकाका पुरुषच असतात, आणि होडीवरची माणसे फाटलेली जाळी स्वतःच विणतात. तेव्हा मुलग्यांनो, तुम्हीही सुई घ्या.

कोणत्या खिशात काय?

वरचा खिसा, वांग्याचा : भाजी, फळे, फुले-दुर्वा आणायच्या पिशव्या.

मधला खिसा, तराजूचा : किराण्याच्या पिशव्या. तांदूळ-पीठ आणायचे असल्याने या कोरड्या आणि मजबूत असाव्यात.

खालचा खिसा, माशाचा : बाजाराच्या मासळीची पिशवी. ही पिशवी वेगळीच ठेवावी. मासळीचे पाणी लागलेल्या पिशवीत उद्या काकड्या-टोमॅटो आणले तर त्याचे जंतू कच्च्या भाजीला लागतात आणि पोट बिघडते. खरे तर मासळीला झाकणाचा डबा न्यावा आणि तो डबा पिशवीत ठेवावा. बांगडे, कोळंबी डब्यात राहतील, पाणी गळणार नाही आणि प्लास्टिकची पिशवी मागावी लागणार नाही.

पिशवीची घडी कशी करावी? साधारण ३५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी लांब पिशवी घ्या. बंद आत टाका. लांबीत एकदा आणि रुंदीत एकदा दुमडा. घडी २० सेंमी उंच आणि साडेसतरा सेंमी रुंद होते. खिशात अशा दोन घड्या शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्या मागे आणखी दोन. म्हणजे एका खिशात ४, तीन खिशांत १२ पिशव्या. याहून जास्त पिशव्या घरात असतील तर त्या शेजारी द्या. चंची मोठी करू नका, पिशव्या कमी करा.

चंची कुठे टांगावी?

कपाटात नको, माजघरातल्या कोपऱ्यातही नको. जिथे आपण चपला घालतो तिथे, पडवीत किंवा ओटीवर, डोळ्यांसमोर. बाहेर जाणारा माणूस चपला घालायला थांबतोच. त्या वेळी समोर पिशवी दिसली की हात आपोआप जातो. लक्षात ठेवायची गरजच पडत नाही. लहान भावंडाचा हात निदान मधल्या खिशापर्यंत पोचेल एवढ्या उंचीवर टांगावी.

पावसाळ्यात जास्त काळजी घ्यावी. जांभ्या दगडाची भिंत ओल धरते. सुती कापड ओलसर राहिले की त्यावर बुरशी येते, काळे ठिपके पडतात आणि कापड कुजते. म्हणून चंची बाहेरच्या भिंतीला चिकटून नसावी. लाकडी खांबाला टांगा, किंवा काठीच्या मागे दोन्ही टोकांना करवंटीचे तुकडे बांधा, म्हणजे भिंत आणि कापड यांच्यात बोटभर जागा राहून वारा खेळेल. उघडीप मिळाली की चंची आणि पिशव्या उन्हात टाका. ती पुष्कळ दिवस टिकेल.

घरातले तीन नियम

चंची शिवली म्हणजे काम संपले असे नाही. पिशवी बाजारातून आली की ती परत खिशात गेली पाहिजे. तिथेच घोडे अडते. म्हणून तीन नियम करा :

१. जो पिशवी रिकामी करील, त्यानेच ती झटकून जागेवर ठेवावी. "आई ठेवील" असे म्हणायचे नाही.

२. ओली पिशवी दांडीवर, सुकी पिशवी खिशात. मासळीची पिशवी आली की लगेच साबणाने धुवायची.

३. शिवण सुटली तर त्याच दिवशी दोन टाके घालावेत. दोन टाक्यांचे काम पुढे ढकलले की बंदच तुटतो, आणि तोही भर बाजारात.

घरी दुचाकी असेल तर एक पिशवी कायमची डिकीत ठेवावी. शेतातून, कामावरून परत येताना अचानक काही घ्यावे लागते, तेव्हा ती कामी येते.

पालकांसाठी दोन शब्द

आपल्या गावात श्रींच्या दर्शनाला आणि समुद्रावर बाराही महिने माणसे येतात. ती आपल्याकडे बघतात. दुकानात गावचा माणूस घरची पिशवी पुढे करताना दिसला, तर पाहुणाही मनात म्हणतो, इथली रीत वेगळी आहे. सांगून जे होत नाही ते बघून होते. तामिळनाडूत पूर्वी बाजाराला पिवळी कापडी पिशवी नेत असत. तिला 'मंजप्पै' म्हणतात. मधल्या काळात ती न्यायची लोकांना लाज वाटू लागली, गावंढळ वाटू लागली. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने 'पुन्हा पिवळी पिशवी' अशा अर्थाच्या नावाने मोहीमच काढली. आपल्याकडेही जुन्या साडीच्या पिशवीची कुणी लाज बाळगू नये. उलट ज्याच्या पिशवीवर जास्त ठिगळे, त्याने ती जास्त वापरली, असा मान द्यावा.

ज्या पालकांचे दुकान किंवा टपरी आहे, त्यांनाही ही चंची उपयोगी आहे. गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेल्या किंवा घरातल्या जादा कापडी पिशव्या तिच्यात ठेवाव्या. पिशवी विसरून आलेल्याने एक न्यावी आणि पुढच्या खेपेला आणून द्यावी. "पिशवी नाही," असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणे कठीण जाते. "ही न्या आणि परत आणा," हे सांगणे सोपे.

आता तुम्ही करून पाहा

वहीच्या पानावर तक्ता आखा. घरातले कोणीही बाजारात गेले की एक रेघ मारा. घरची पिशवी नेली तर हिरवी रेघ, रिकाम्या हाताने गेले तर लाल. चंची टांगण्याआधी चार आठवडे आणि टांगल्यानंतर चार आठवडे असा तक्ता ठेवा. दोन्ही वेळच्या लाल रेघा मोजा आणि वजाबाकी करा. जो आकडा उरेल, तेवढ्या पिशव्या तुम्ही घरात यायच्या थांबवल्या. त्या पऱ्ह्यात गेल्या नाहीत, गाईच्या पोटात गेल्या नाहीत, समुद्रात गेल्या नाहीत.

आणि प्रत्येक कापडी पिशवीच्या आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, दर दहा वेळा वापरल्यावर एक रंगीत टाका घाला. तेरा टाके झाले आणि वर आणखी एक फेरी झाली, की १३१ भरले! ज्याची पिशवी आधी तिथवर पोचेल, त्याने ती शाळेत आणून या भित्तिपत्रकाशेजारी टांगावी. आम्ही सगळे मिळून तिचे टाके मोजू.